तानुबाईचा जबाब

तपास अधिकारी वानखडे साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पण तानुबाईने तो उचलला नाही. दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड धरून ठेवली होती. समोर तिच्या सुनेचा, रागिणीचा, जन्मदाखला होता. जन्मस्थान म्हणून त्यावर तानुबाईचंच गाव लिहिलेलं होतं.

“मावशी, हा दलालाकडून केलेला आहे, हे मला दिसतंय,” साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “माझ्याकडे असे पुष्कळ आले. काही दाखल्यांवरचं माणूस कोण, हे अजून कळलेलं नाही. म्हणून तपासावं लागतं. पण सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्यांना ठेवून घ्यायची सोयही आहे. खरं सांगा, म्हणजे तुमच्या बाजूनं लिहिता येईल.”

तानुबाईने मागे पाहिलं. बाकावर रागिणी बसली होती, मांडीवर तीन वर्षांची आरती झोपलेली. शेजारी योगेश. येताना चांदूर बाजारच्या स्टँडवर त्याने आईला बजावलं होतं, ‘ती इथलीच, एवढंच म्हणजो.’

वांगी-पालक लावणाऱ्या योगेशला चाळिशी आली तरी कोणी मुलगी देईना. शेवटी पाच वर्षांपूर्वी त्याच्या बापाने, भगवंतने, ओळखीपाळखीतून बंगालकडची मुलगी सून करून आणली. झर्ना तिचं नाव; इथे रागिणी झाली. कागद कसलाच नव्हता. रेशनकार्डासाठी लागला, म्हणून योगेशने तो दाखला करून घेतला. तिचं गाव कोलकात्याजवळ कुठेतरी असेल, असंच तो धरून होता.

खरं एकट्या तानुबाईला ठाऊक होतं. लग्नाला वर्ष झालं तेव्हा मेथीच्या जुड्या बांधता बांधता रागिणीने सांगितलं होतं. गाव सीमेवरच्या नदीपलीकडे, खुलनाकडचं. घर पेटवलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मावशीने हात धरून इकडे आणलं, मग मावशीही गेली. तानुबाईने ते चार वर्षं पोटात ठेवलं, नवऱ्यालाही सांगितलं नाही.

“खरं सांगतलं तर ठेवसान ना तिले?” तिने विचारलं.

साहेबांनी पेन उघडलं. “माझ्या हातात लिहिणं आहे, मावशी. चांगलंच लिहीन.”

तानुबाईने सांगितलं. सांगताना तिने मागे वळून पाहिलं नाही. बाकावर योगेश उठून उभा राहिल्याचा आवाज तेवढा आला.

“तिकडचा एखादा कागद?” साहेबांनी रागिणीला विचारलं. “शाळेचा, वडिलांच्या नावाचा?”

“घर जळलं न साहेब,” रागिणी म्हणाली. “कागद घरातच व्हते.”

ऐकणाऱ्याला ती अकोटची वाटली असती. तिकडच्या चुलत भावाचा एक नंबर तिला पाठ होता. साहेबांनी समोरच लावून दिला. पलीकडच्या माणसाने नाव ऐकलं, कोण बोलतंय ते विचारलं आणि अशी कोणी आपल्यात नाही, असं सांगून फोन ठेवला. त्याच्या बंगालीचा अर्थ रागिणीने साहेबांना स्वतःच सांगितला.

साहेबांनी शब्द पाळला. तीन पानं लिहिली, वाचून दाखवली. त्यात वाईट काही नव्हतं. दीड महिन्याने वरून उत्तर आलं. ही व्यक्ती कोण, कधी आली, याला पुरावा नाही. सवलत लागू होत नाही. परदेशात जन्मल्याचं मात्र कुटुंबाच्या जबाबावरून सिद्ध होतं.

सकाळी अकराला दोन महिला पोलीस आल्या. रागिणीने कणकेचे हात धुतले. आरतीच्या तापाचं औषध कुठल्या फळीवर आहे, ते दाखवलं.

“मी त्यायच्या भरोशावर सांगतलं, पोरी,” तानुबाई म्हणाली.

“मी तुमच्या भरोशावर सांगतलं व्हतं, आई.”

ती रागावून बोलली नाही. पदर सारखा करून पायऱ्या उतरली.

भगवंत वकिलाकडे दोन खेपा घालून आला आणि मग जाईनासा झाला. योगेशने आईशी बोलणं टाकलं. मुंबईकडच्या स्थानबद्धता केंद्रातून रागिणीचे फोन यायचे, पुढे सीमेपलीकडून एकदा आला. “आरती जेवली का?” एवढं ऐकू आलं आणि तुटला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

वर्षभराने भगवंतचा भाऊ जानराव योगेशसाठी स्थळ घेऊन आला. छत्तीसगडकडची मुलगी होती, गरिबाची. योगेश अंगणात पंपाचा पाइप जोडत होता. ऐकत होता, पण नाही म्हणाला नाही. जानरावने पाकिटातून फोटो काढून तानुबाईपुढे धरला.

“पाय तं खरं, वयनी. कामाची हाय पोरगी.”

तानुबाईने फोटो घेतला आणि न पाहताच खाटेवर ठेवला.

“कागद?”

“हाय न.” त्याने झेरॉक्स पुढे केल्या.

तिने चष्मा लावला आणि दाराच्या उजेडात जाऊन बसली. चौथीपर्यंतच शिकलेली ती. एकेका अक्षराखाली बोट ठेवत तिने शाळेच्या दाखल्यातलं जन्मगाव वाचलं, मग बापाचं नाव, मग पुन्हा जन्मगाव. शिक्का पुसट होता. तिने कागद उजेडासमोर धरला.

“हा खरा कायच्यावरून समजाव?” तिने जानरावला विचारलं.

आरती खाटेजवळ आली. फोटो उचलून दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ पाहत राहिली.

“आजी, ही कोन हाय?”

तानुबाईने पुढचा कागद वर घेतला.