दादाच्या बागेत साप नाहीत

आमच्या मागच्या बागेत जेवढे साप होते तेवढे जंगलातही नसतील. जंगलातलेच सुट्टीला आमच्याकडे यायचे. आणि बिनविषारी एकही नाही; तसल्यांना बाकीचे आत घेतच नसत. एकदा एक मण्यार पांढऱ्या वांग्याला चावली. वांगं डोळ्यांदेखत जांभळं पडलं, आणि तेव्हापासून त्या झाडाला जांभळीच वांगी लागतात. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, झाड अजून आहे.

तरीही घरात सगळ्यांचं एकमत होतं, की बागेत साप नाहीत.

त्याचं असं झालं. माझा थोरला भाऊ घड्याळजी. पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसतो. या घरात राहायला आलो त्याच संध्याकाळी वहिनी म्हणाली, "एक साप दिसू दे, मी बहिणीकडे निघून जाईन, कायमची." दादा थोडाच मागे राहतोय? "एक साप दिसू दे, सगळ्या बागेवर फरशी टाकतो," तो म्हणाला.

दोघंही बोलून मोकळी झाली. पुढे वहिनीनं टोमॅटो लावले, घेवडा मांडवावर चढवला, गुलाब फुलवले. त्या मातीत तिचा जीव असा अडकला, की बहिणीचा फोनसुद्धा ती वाफ्यात बसून घ्यायची. सापांची भीती कुठल्या कुठे पळाली. राहिली ती फरशीची. तिकडे दादाला झोपेतही बायकोची भरलेली बॅग दिसायची.

आणि मधे मी.

सकाळी दादा पांढराफटक होऊन यायचा आणि माझ्या कानाशी लागायचा, "घोणस आहे रे, गुलाबाखाली. स्प्रिंगसारखी गुंडाळून बसलीय. हिला कळू देऊ नकोस, जाईल ती!" मी आकड्याची काठी आणि पोतं घेऊन निघायचो, घोणसबाईंना ओढ्यापलीकडे पोचवून यायचो. हात धुतोय तोवर वहिनी जिन्यात उभी. "भावजी, नाग आहे हो घेवड्यात. ह्यांना बोलू नका, फरशी टाकतील मेली!" पुन्हा काठी, पुन्हा पोतं. शेवटी शेवटी तर साप मला ओळखायला लागले. पोतं दिसलं की आपणहून आत शिरायचे आणि आतून तोंड बांधून घ्यायचे. मी कुणालाच काही बोललो नाही. दोघांनीही शपथ घातली होती, आणि मजाही येत होती.

मग एका रविवारी वहिनीची धाकटी बहीण आली. "चहा बागेत घेऊ या," म्हणाली.

"आत बसू, ऊन आहे," दादा म्हणाला.

"आत बसू, वारा आहे," वहिनी म्हणाली.

आभाळ भरलेलं होतं आणि पान हलत नव्हतं. बहीण कप घेऊन सरळ बागेतल्या टेबलापाशी जाऊन बसली. आम्ही मागोमाग. पहिला घोट पोटात जातो न जातो, तोच पाण्याच्या नळीच्या वेटोळ्यातून नाग उभा राहिला. फणा म्हणजे हे एवढं ताट! तोंड आमच्यासमोर आणि शेपूट अजून शेजाऱ्यांच्या हद्दीत.

"ताई, नाग!"

"नळी आहे ती," दादा आणि वहिनी एकदम म्हणाले.

"नळीला फणा असतो?"

"नवीन आलीय तशी," दादा म्हणाला. "पाणी पसरून पडतं."

"अहो दाजी, फुत्कारतेय ती!"

"हवा अडकली असेल," वहिनी म्हणाली.

"आणि ते डोळे?"

"भोकं पडलीत," दादा म्हणाला. "जुनी झालीय."

"आत्ता तर नवीन म्हणालात!" असं ओरडत बहीण कपासकट टेबलावर चढली.

आता मात्र दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं दादाकडे पाहिलं. नागानं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं.

"तुला... दिसतोय तो?" दादानं विचारलं.

"तुम्हाला दिसतोय?"

"मला काय आजच दिसतोय? गुलाबाखालची घोणस मीच तर काढवली."

"अगं बाई, ती तुम्ही होय? मला वाटलं, गेली कुठंतरी बिचारी. घेवड्यातले मात्र सगळे माझे हं!"

दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"ताई, बॅग भर आधी," टेबलावरून हुकूम आला. "अशा घरात राहायचं नाही. चल माझ्याकडे."

दादाचा चेहरा बंद पडलेल्या घड्याळासारखा झाला. नाग हाताच्या अंतरावर होता, त्याचं त्याला काही नव्हतं.

"फरशी नाही टाकत मी," तो हळूच म्हणाला. "कधीच नाही. पण तू..."

"मी कुठं जाते? टोमॅटो आत्ता कुठे रंगावर आलेत."

"म्हणजे टोमॅटोसाठी राहणार?"

"मग काय तुमच्यासाठी? तुम्हाला काय, पाणी नाही घातलं तरी टिकता."

असं म्हणत तिनं त्याच्या बाहीवरची माती झटकली. माती नव्हतीच. दादा इतका खूश झाला, की कानापर्यंत लाल. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला, असं म्हणून नागानं फणा मिटला आणि अदबीनं बाजूला झाला.

"गेला का गं तो?" बहिणीनं डोळे घट्ट मिटून विचारलं.

"गेला."

"कुठे?"

वहिनीनं टेबलाखाली वाकून पाहिलं.

"तू बस जरा तिथेच वर," ती म्हणाली. "चहा पी निवांत."