अकरा नंबरच्या वाफ्यातले कोंब

फडकं उचललं आणि साठ-सत्तर माणसांच्या तोंडून एकदम "अरे वा!" निघालं. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून टाचा उंचावल्या. एक म्हातारी तर तिथंच खाली बसून मातीला हात जोडू लागली. अकरा नंबरच्या वाफ्यात तीन वर्षं गवताखेरीज काही उगवलं नव्हतं. आज तिथं एका सरळ ओळीत हिरवे कोंब उभे होते.

"मी काही केलं नाही," अंकुरबाबा हात झटकत म्हणाले. "मी आपला पोस्टमन. पत्र लिहीत नाही, फक्त पोचवतो. गेलेल्या माणसाचा राग या बियांत अडकून बसला होता. त्यानं तो सोडला, बी उठलं!"

वाफ्याच्या कडेला माझी वहिनी उभी होती. तोंडावर पदर धरून ती रडत होती, आणि रडता रडता हसत होती. दादा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी गर्दीच्या शेवटी होतो. तिथून मला फक्त हिरवा रंग दिसला. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. मी मुकाट्यानं घरी गेलो.

मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. असं शिकवणाऱ्यानं तरी पुढं जाऊन वाकून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

दादा बस डेपोत मेकॅनिक होता. नगरपालिकेनं लोकांना भाजी लावायला वाफे दिले होते, त्यातला अकरा नंबरचा त्याचा. सुट्टीच्या दिवशी तिथंच पडलेला असायचा. बाकीचे सगळे बटाटे, कोबी, कांदे लावत. पार्सनिप लावणारा तो एकटाच. पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातलं पांढरट, लांब मूळ. उगवायला अतिशय आळशी. बी पेरलं की महिनाभर काही दिसत नाही, माणूस आशा सोडतो, आणि मग कुठं गवताच्या पात्यासारखी दोन लांबट पानं वर येतात. "सुनेला माहेरून यायला लागत नाही इतका वेळ याला लागतो," असं दादा वहिनीला चिडवायचा.

त्या सकाळी तो चिखलाच्या बुटांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालत गेला. वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर लोकांच्या चादरी धुवायच्या आणि घरी येऊन फरशी. ती तडकली. "घेऊन जा ती तुमची मुळं! जाताना सगळी बरोबर घेऊन जा!" दादा हसत गेला. दुपारी डेपोत, बसखाली काम करतानाच, त्याचं हृदय थांबलं.

मागं राहिला पत्र्याचा एक डबा. त्यात दादानं शेवटच्या पिकातून स्वतः धरलेलं पार्सनिपचं बी. वहिनीनं तो चुलीवरच्या फळीवर ठेवला आणि दर वर्षी त्यातलं मूठभर बी पेरू लागली. पहिल्या वर्षी आलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी ती मला म्हणाली, "भावोजी, हे अजून रागावलेत. मी बोलले तसंच केलं बघा ह्यांनी. सगळं बरोबर नेलं."

"असं काही नसतं हो वहिनी," मी म्हणालो, आणि विषय बदलला.

त्याच वर्षी तिच्या छातीत गाठ सापडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान आहे, वेळेवर काढू. बुधवारची तारीख मिळाली. आणि त्याआधीच्या आठवड्यात कुणीतरी तिला अंकुरबाबांकडे नेलं. बाबांनी वाफ्यात बोटानं ओळ पाडली, तिच्या हातून दादाचं बी टाकवलं, त्या ओळीवर आपल्या झोळीतली "जागृत माती" पसरली आणि ओलं फडकं अंथरलं. "सहा दिवस पाणी शिंपडा. डोकावलात तर जबाबदारी माझी नाही."

फडकं उचलल्यावर बाबा तिच्या कानाशी आणखी काय बोलले, ते मला गुरुवारी कळलं. मी हॉस्पिटलात वहिनीसाठी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर खाटेवर दुसरीच बाई. तसाच वहिनीच्या घरी गेलो. ती चहा ठेवत होती.

"ऑपरेशन रद्द केलं मी," ती शांतपणे म्हणाली. "बाबा म्हणाले, मातीतली गाठ सुटली तशी अंगातली सुटेल. सुरी लावलीत तर ह्यांचा पुन्हा अपमान होईल. भावोजी, हे बोललेत माझ्याशी. तीन वर्षांनी बोललेत."

मी भांडलो. तिनं ऐकून घेतलं आणि चहात साखर घातली.

तिथून मी सरळ वाफ्यावर गेलो. या वेळी गुडघे टेकले. लालसर देठ, त्यावर पत्त्यातल्या बदामासारखी दोन पानं, प्रत्येक पानाला मध्ये खाच. गवताच्या पात्यासारखं एकही नाही. एक कोंब चुरगाळून नाकाशी धरला. तिखट वास आला. मुळा! चार दिवसांत उगवणारा, कुणाच्याही रागलोभाशी देणंघेणं नसलेला साधा मुळा. त्याचं बी बाबांच्या त्या मातीतूनच आलं असणार.

शेजारच्या वाफ्यातल्या सुताराकडे बाबांनी दिलेली मातीची पुडी होती. तो बाबांचा कट्टर भक्त. मी मागितल्यावर त्यानं दिली नाही, म्हणाला, "रविवारी बाबा येतील, तेव्हा सगळ्यांसमोर बघू. खोटं निघालं तर मीच बोलेन. खरं निघालं तर मास्तर, तुम्ही पाया पडायचं."

"कबूल," मी म्हणालो.

रविवारी गर्दी दुप्पट होती. सुतारानं आपली पुडी चाळणीत ओतली आणि चाळणी बादलीत बुडवून हलवली. माती वाहून गेली. जाळीवर गोल, तांबूस दाणे राहिले. वहिनीच्या फळीवरून आणलेल्या पत्र्याच्या डब्यातलं दादाचं बी मी त्याच्या तळहातावर ठेवलं. चपटं, कागदासारखं पातळ. आंधळ्यालाही बोटांनी फरक कळला असता.

"बाबा," सुतार दाण्यांकडे बघतच म्हणाला, "हे मुळ्याचं बी तुमच्या मातीत कसं?"

"ज्याची श्रद्धा कच्ची, त्याला मुळाच दिसणार!" बाबा कडाडले. "पाण्यात घालून तुम्ही शक्ती विझवलीत. आता मी काय करू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कोशिंबीर करा." लोक हसले. बाबांनी झोळी उचलली आणि ते चालू लागले.

वहिनी हसली नाही. ती वाफ्यात बसली होती आणि बोटांनी ओळ उकरत होती. कोंबांच्या खाली दादाचं बी न उगवताच पडलं होतं, फुगलेलं, काळं झालेलं. तिनं ते चिमटीत धरलं.

"म्हणजे हे बोलले नाहीत?"

"नाही, वहिनी."

"मग हे उगवत का नाही? माझ्या बोलण्यानंच ना?"

"बी शब्दांनी मरत नाही हो. पार्सनिपचं बी एक वर्ष टिकतं, फार तर दोन. त्यातून चुलीवरच्या उबेत ठेवलेलं. दादा दर वर्षी ताजं धरायचा, म्हणून त्याचं उगवायचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं?"

मी डब्याचं झाकण लावू लागलो. तिनं ते काळं बी पुन्हा मातीत ठेवलं आणि वर माती ओढली.

दुसरी तारीख मिळायला सात आठवडे लागले. तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, केस गेले, थोडे परत आले. वर्षभरानं ती पुन्हा हॉस्पिटलात होती, जिथल्या चादरी तिनं वीस वर्षं धुतल्या होत्या. एका दुपारी मी संत्रं सोलत बसलो होतो. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "भावोजी, पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंत?"

"वाटलं, तुम्ही दुखावाल."

"दुखावले असते," ती म्हणाली. "चार दिवस रडले असते. पण मग त्या माणसाच्या दारात गेले नसते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी ती गेली.

युक्ती एवढीच होती. मातीत मिसळलेलं मुळ्याचं बी, ओलं फडकं आणि सहा दिवसांचा धीर. ती उघडी पाडल्याबद्दल लोक अजून रस्त्यात थांबवून माझी पाठ थोपटतात. मला खाली बघावंसं वाटतं. बाबांनी झोळीतून माती काढली त्याआधी तीन वर्षं खरं काय ते माझ्याजवळ होतं. मी ते दयेपोटी झाकून ठेवलं. तिच्या मनातली ती रिकामी जागा बाबांनी भरली.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पहिली, कुणी चमत्कार दाखवला तर जवळ जा, वाका, पान हातात घेऊन बघा, मूठभर माती पाण्यात घालून बघा. आणि कुणाच्याही शब्दावर डॉक्टरांची तारीख सोडू नका. दुसरी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. तुम्हाला खरं ठाऊक असेल तर आपल्या माणसाला सांगा. शेजारी बसा, हात धरा, रडू द्या, पण सांगा. आजच सांगा.