बिननावाच्या बाईचं पान

दरोडेखोराच्या थडग्यावर लोक फुलं वाहतात हे मी नॉटिंगहॅमला राहायला आल्यावर पाहिलं, आणि खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहराबाहेरच्या त्या जुन्या दफनभूमीत रविवारी टूर असते. नेड थॉर्न नावाच्या वाटमाऱ्याच्या दगडाशी जिनच्या बाटल्या ठेवलेल्या, आणि माणसं खुशाल सेल्फी काढताहेत! गाइड रंगात येऊन सांगत होता, की नेडनं एक घोडागाडी अडवली, आतली दाई मधे पडली म्हणून तिला गोळी घातली, आणि तिच्या हाताला धरून असलेली लहानगी मुलगी धुक्यात पळाली ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

"मग शोधलं नाही तिला कुणी?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक, मॅडम," तो हसून म्हणाला.

दाई कुठे पुरलीय विचारल्यावर त्यानं भिंतीपलीकडच्या गवताकडे मोघम हात केला. तिचं नावही त्याला माहीत नव्हतं. खुन्याच्या घोडीचं मात्र पाठ!

माझा नवरा परीक्षित डॉक्टर आहे, मरण रोज बघतो. "वीणा, जाऊ दे ना, दोनशे वर्षं झाली," तो गाडीत म्हणाला. जाऊ दे काय? कुणाचं तरी लेकरू अंधारात रडत राहिलं असेल, आणि गावातलं एकही माणूस शोधायला धावलं नाही, याची मला चीड येत होती. आमची तनया मागच्या सीटवर झोपली होती, तिच्याकडे बघवेना.

त्याच आठवड्यात सर्वपित्री अमावास्या होती. सासऱ्यांचं पान मागच्या अंगणात ठेवलं, ते कावळ्यांनी लगेच साफ केलं. मग मी आणखी एक पान वाढलं, खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी आज वाढायचं नाही तर कधी? पण त्या पानाला कावळा शिवेना. कुंपणावर रांगेनं बसून होते नुसते.

दहाव्याला विनवतात तसे मी हात जोडले. "बाई, तुझं नाव शोधून काढते." कावळे ढिम्म. "तुझ्या नावाचा दगड बसवते." तेच. मग माझ्या तोंडून गेलं, "तुझ्या त्या लेकराला मी घरी आणते."

एक कावळा झेपावला आणि वडा घेऊन गेला. परीक्षित स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाला, "असलं काही कबूल करू नये गं." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तनयाला आफ्टरस्कूल क्लबमधून आणायला निघाले. धुकं दाटलं होतं. सकाळी मी केलेल्या ईमेलवरून दफनभूमीच्या ट्रस्टमधल्या एका गृहस्थांचा फोन आला. दाईच्या नावाची पाटी लावण्यात त्यांना 'इंटरेस्ट' नव्हता. मी क्लबच्या फाटकापाशी उभी राहून त्यांना फाडफाड सुनावत होते. "एका मुलीला तुम्ही लोकांनी वाऱ्यावर सोडलंत, लाज कशी वाटत नाही?" तेवढ्यात नेहमीसारखा छोटा हात माझ्या हातात आला. हात गार होता. ग्लव्ह्ज पुन्हा विसरली वाटतं, असं मनात म्हणत, फोनवर भांडतच मी तो हात धरून घरापर्यंत आले. बाजूला वळून बघायची मला सवड नव्हती.

दार तनयानं उघडलं.

"आई, किती वेळ लावलास! बाबा मला लवकर घेऊन आला, तुला मेसेज पण केला." मग तिची नजर माझ्या हाताकडून खाली गेली. "ही मुलगी कोण आहे? किती भिजली आहे."

आतून परीक्षित आला. त्यानं माझ्या बाजूला पाहिलं, तनयाकडे पाहिलं आणि गोंधळून म्हणाला, "कुठली मुलगी? आत या गं दोघी, दार लावा."

माझ्या हातातली पकड घट्ट झाली. पायरीवर एक छोटं पाऊल वाजलं.

आणि साऱ्या गावाला जाब विचारणारी मी, खाली न बघता, ती बोटं उकलून सोडवू लागले.