कच्च्या लिंबाचा डाव

शिवानीला टीममध्ये घ्यायला कोणीच तयार नव्हतं, आणि त्यात पोरांचं काही चुकत नव्हतं.

पोरगी नऊ वर्षांची, पण हुकूम असे सोडायची की निजामानं हिच्याकडं शिकवणी लावावी. लगोरी खेळताना फरशीचे सातही तुकडे हिलाच रचायचे असत. दुसऱ्यानं हात लावला की ढकलून द्यायची. चेंडू लागून आउट झाली की "लागलाच नाही" म्हणत भर गल्लीत फतकल मारायची, आणि मागं ऑटोवाले हॉर्न मारून मारून थकायचे. अंबरपेठेतल्या त्या गल्लीतल्या पोरांनी शेवटी ठरवलंच, भीमजयंतीच्या मॅचला शिवानी नको म्हणजे नको. जयंतीच्या आधीच्या रविवारी विहारामागच्या मैदानात गौलीगुडा मोहल्ल्यातल्या पोरांशी लगोरी असायची, आणि पोरं वर्षभर त्या एका मॅचवर जगायची.

शिवानी दोन दिवस जेवली नाही. म्हणजे घरच्यांसमोर जेवली नाही. डब्यातले लाडू कमी होत होते, ते तिच्या आत्याला, प्राजक्ताला, बरोबर दिसत होतं. प्राजक्ता सोळाची. दहावीत शाळेला रामराम ठोकून आता ती वहिनीच्या शिवणकामात ब्लाउजांना हूक लावायची, आणि सुई टोचली की ब्लाउजवालीच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करायची. शिवानीचा बाप अमरदीप तिला म्हणाला होता, तू रिकामीच असतेस, पोरीला जरा चारचौघांत खेळायला शिकव. त्या 'रिकामी'वरून प्राजक्ता एक दिवस धुमसली. दुसऱ्या दिवशी पोरांकडं गेली.

कॅप्टन ओंकार चष्मा पुसायला लागला. तोंड चालवलं ते अनंतनं, टीममधल्या सगळ्यात मोठ्या पोरानं.

"तिच्यापेक्षा बेगम बाजारातला बैल घेऊ आत्या. निदान तो रडत तरी नाही."

प्राजक्ताचा हात उठला होता, पण तिनं तो केसांतून फिरवला. तुमचे पाच पक्के गडी तसेच राहू द्या म्हणाली, शिवानी वरची सहावी, कच्चं लिंबू. धाकट्या भावंडाला नाही म्हणता येत नाही तेव्हा पोरं असंच करतात. कच्च्या लिंबानं नुसतं पळायचं. त्याला चेंडू लागला तरी आउट नाही, आणि त्यानं रचलेली फरशीही हिशोबात धरायची नाही. गौलीगुड्याच्या कॅप्टन किशोरलाही तिनं फोन लावला, रडवेला आवाज काढून. तो खो खो हसला.

"हौ दीदी, घ्या ना. दोन लिंबं घ्या."

ऐकल्याबरोबर शिवानीनं घर डोक्यावर घेतलं. कच्चं लिंबू चार वर्षांची पोरं असतात, ती काय चार वर्षांची आहे? प्राजक्तानं तिला दंडाला धरून गच्चीवर नेलं.

"अगं हौले, येडपट, तुला कोणी आउटच करू शकत नाही. जरा डोकं चालव."

शिवानीनं चालवलं. डोळे चमकले, मग विझले. पण मी लावलेली फरशी धरणार नाहीत ना.

"मग दुसऱ्याकडून लावून घे. जमतंय का बघ, नाहीतर बस लाडू खात."

सरावाच्या पहिल्या संध्याकाळी शिवानीनं सवयीनं तीनदा स्वतःच फरशी लावली आणि अनंतनं तिन्ही वेळा ती उचलून फेकली. तिसऱ्या संध्याकाळी मात्र तिच्या लक्षात आलं की टीममधल्या हर्षदाचा हात सगळ्यात चपळ आहे, पण चेंडू आला की ती डोकं धरून खाली बसते. शिवानी गुपचूप तिच्या मागं जाऊन हात पसरून उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. प्राजक्तानं ते पाहिलं आणि तोंड शिवून घेतलं. शाबास म्हणाली असती, तर कार्टीनं मुद्दाम उलटं केलं असतं.

रविवारी पंच हिंमतराव काका, सेक्रेटेरिएटातनं रिटायर झालेले, गळ्यात शिट्टी. पहिला डाव गौलीगुड्यानं मारला. दुसऱ्यात ओंकारनं ढीग पाडला आणि पोरं रचायला धावली. शिवानी हर्षदाला पाठीशी घालून भिंतीसारखी उभी. किशोरचा उमाजी, मिसरूड फुटलेला गडी, दणादण चेंडू मारत होता. पाठीत लागला, पोटरीत लागला. दर वेळी ही "लिंबू" म्हणायची आणि दात काढायची. सातवी फरशी नेमकी तिच्याच पायाशी पडली होती. तिनं ती उचलली. प्राजक्ताला तो हात माहीत होता. शिवानीनं एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा फरशीकडं. मग ती हर्षदाच्या हातात कोंबली आणि वळून, येणारा चेंडू पुन्हा पाठीवर घेतला. हर्षदानं फरशी ठेवली. लगोरी झाली.

मग जो गोंधळ उठला! किशोर म्हणाला ही बेइमानी आहे. मग म्हणाला ठीक आहे, आमचा उमाजीही कच्चं लिंबू. उमाजीनं लगेच बोबडं बोलून दाखवलं.

"आता काय अख्खं झाड आणता का मैदानात," हिंमतराव काका म्हणाले. झाला तो डाव धरला, एकास एक; शेवटचा डाव बिनलिंबाचा. पाचास पाच, सगळे पक्के.

प्राजक्ता कंबर कसून भांडायला गेली. काकांनी तिच्या तोंडावर शिट्टी मारली.

पाचास पाच म्हणजे एकाला बसावं लागणार. सगळ्यांनी शिवानीकडं पाहिलं. ती आपणहून रेषेबाहेर निघाली.

"ए लिंबू, थांब," अनंत म्हणाला. "मी बसतो. मला ऊन लागतंय."

एप्रिलचं ऊन सगळ्यांनाच लागत होतं. तो रेषेबाहेर जाऊन बसला आणि उगाच बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागला. शिवानी त्याच्यापाशी गेली, उकिडवी बसली.

"अनंतदादा, उमाजी कुठल्या हातानं मारतो रे? माझी तर पाठच होती त्याच्याकडं."

अनंतनं लेस हातातनं सोडली आणि तिला नीट सांगायला लागला.