निशाणी डावा अंगठा

मला तोंड नाही, तरी बोलतोय. मी एक अंगठा आहे, तोही डावा. खरं म्हणजे अंगठ्याचा ठसा. जन्मनोंदीच्या जुन्या दप्तरात, एका पिवळ्या पानाच्या कडेला बसलोय.

माझा जन्म घाईतला. एक सुतार मुलाचा जन्म नोंदवायला कचेरीत आला होता. कारकुनाने सही मागितली. सुतार म्हणाला, सही येत नाही, अंगठा म्हणाल तेवढा दाबतो. आणि दाबलाही असा, जणू खिळाच ठोकतोय. म्हणून मी जरा फिसकटलेला आहे. बोटाची उरलेली शाई त्याने कारकुनाच्या टेबलालाच पुसली आणि मुलगा झाल्याच्या आनंदात निघून गेला. कारकुनाने माझ्या शेजारी त्याचं नाव लिहिलं, खाली 'निशाणी डावा अंगठा' अशी माझी ओळखही करून दिली.

माणसांची एक गंमत आहे. गेलेल्या माणसाला ती हळूहळू शिकवून मोठं करतात. माझ्या सुताराचंही तेच झालं. नातवंडांच्या काळात तो लिहायला लागला, पतवंडांच्या काळात त्याचं अक्षर मोत्यासारखं झालं.

मग एक पणतू, शिकलेला, चष्मेवाला, पणजोबांची सही शोधत इथे आला. पिशवी धरायला धाकटा भाऊ सोबत होता. थोरल्याने माझं पान काढलं, नाव वाचलं, मला पाहिलं आणि हसला.

"हा त्याच नावाचा दुसरा कुणीतरी. आपले पणजोबा अंगठा लावतील होय? आपल्या घरात अंगठाबहाद्दर एकच, तू."

"मला सही येते."

"येते रे, पण दर वेळी वेगळी."

दोघंही हसले आणि पान उलटलं. मी हाक मारणार कशी?

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग धाकटा एकटाच आला. दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी थोरल्याची चौकशी केली, तेव्हा खाली बघत म्हणाला की दादा गेला, त्याचं हे शोधायचं काम अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय. आणि पहिल्यापासून पानं उलटायला बसला.

त्याला भरभर वाचता येत नाही. एकेक अक्षर बोटाने ढकलत पुढे जातो, त्यामुळे ओळ अर्ध्यावर सोडत नाही. माझ्या ओळीवर आला. बापाचं नाव, आईचं नाव, धंदा सुतारकी. दादाने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीशी सगळं जुळलं. मग त्याने मला पाहिलं. बघतच राहिला आणि फस्सकन हसला.

"बाई, पणजोबाही अंगठाबहाद्दर निघाले की. आता दादाला असा चिडवतो ना..."

वाक्य तिथेच अडकलं. मान खाली गेली. बाईंनी दप्तर अलगद आपल्याकडे ओढलं.

"रडा खुशाल," त्या म्हणाल्या. "फक्त शाईवर नको."

जाताना त्याने माझी नक्कल मागितली. दोन हव्यात म्हणाला. दुसरी कुणासाठी, हे बाईंनी विचारलं नाही.

मी आजही त्याच पानावर आहे. रंगाने फिका, पण तब्येतीने बरा. थोरल्या, ती दुसरी नक्कल तुझ्यापर्यंत पोचली असेल तर एवढं ऐक. तू मला ओलांडून गेलास, त्याचा राग नाही. पण धाकट्याची तुला चिडवायची पाळी आत्ता कुठे आली होती रे. इतक्यात जायला नको होतंस.