काचेतली बॅट आणि मी

मी एक जुना लोखंडी रोलर आहे. बार्बाडोसमधल्या एका जुन्या शाळेच्या मैदानाकडेला, महोगनीच्या झाडाखाली मी गंजत पडलो होतो. मित्रांनो, खरं सांगू? मला त्या बॅटचा भारी हेवा वाटायचा.

ती बॅट सभागृहात काचेच्या कपाटात असते. आमच्या डार्नली यिअरवुडने शाळेत असताना ती हातात घेऊन शतक ठोकलं आणि पुढे तो वेस्ट इंडीजकडून खेळला. पाहुणे येतात, तिच्यासोबत फोटो काढून घेतात. पण ती खेळपट्टी सपाट कोणी केली? मीच ना! ती नुसती आयत्या बिळावरचा नागोबा. माझा अगदी तिळपापड व्हायचा.

उशिरा येणाऱ्या मुलांना तेव्हा मला ओढायची शिक्षा असे. डार्नली पहाटे आईबरोबर मासे विकून शाळेत यायचा, म्हणून त्याला रोजच उशीर व्हायचा. माझ्या दांड्याला त्याच्या हातांचा मासळीचा वास लागायचा. मी त्याची वाट पाहायचो.

मग मोटारीवर चालणारा रोलर आला आणि मला कोणी विचारेना. यंदा स्थापनादिनी भंगारवाल्याची गाडी थेट माझ्यापाशी येऊन थांबली. त्याच दिवशी डार्नली प्रमुख पाहुणा होता, केस पांढरेशुभ्र झालेला. मला पाहून तो मैदानातच थबकला.

"ऑथ, ह्या म्हाताऱ्याला कुठे नेताय रे?" त्याने ऑथ गिटन्सला विचारलं. मैदान सांभाळणारा गिटन्स त्याचा वर्गमित्र.

"भंगारात. हसू नकोस, पुढचा नंबर तुझाच आहे!"

"गप रे! धर दांडा. आज पण मला उशीर झालाय."

दोघांनी जोर लावला. मी तसूभरही हललो नाही. माझा जीव कासावीस झाला.

"आजोबा, सरका जरा!" म्हणत दहावीच्या मुली धावल्या. मी करकरलो आणि चालू लागलो. गिटन्सने भंगारवाल्याला रिकाम्या गाडीने परत पाठवलं.

नंतर डार्नली सभागृहात गेला. तिथलं बोलणं खिडकीतून मला ऐकू आलं.

"जरा हातात घेऊ का?"

"नको सर," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फार नाजूक झालीय ती."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना हात लावून जपा. मुली आता दर शनिवारी मला तेल घालतात, ओढतात. ती बॅट काचेआडून बघत असते.

जळू दे मेली!