समोर बसलेला

कुलथेसाहेब रविवारी मॅच बघायला येणार म्हटल्यावर दत्तूनं गंगापूर रोडवरचा आपला फ्लॅट नुसता घासूनपुसून लखलखीत केला होता. त्याच्या बढतीचं साहेबांच्या हातात होतं. आणि नेमके साहेब अन् त्यांची लेक वेदिका सोफ्यावर टेकतात न टेकतात, तोच बाप दारात! देवराम सुरगाण्याहून जिपा बदलत आलेला, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर नागलीच्या पिठाची पिशवी.

आता आली का पंचाईत! वडील मुख्याध्यापक होते, अशी थाप दत्तूनं ऑफिसात कधीच ठोकून दिलेली. बायको रोशनी माहेरी, सावरून घ्यायला कोणी नाही. जीभ कशी रेटली देव जाणे, पण तो बोलून गेला, "हे आमच्या गावचे. देवरामबाबा." बापानं ते ऐकलं. पिशवी कोपऱ्यात ठेवली, साहेबांना रामराम केला आणि गुमान भिंतीला टेकून बसला. अरे, निदान पाणी तरी विचारायचंस की नाही? तेही दत्तूला सुचलं नाही.

मॅच रंगात आली आणि लाइट गेली. लोडशेडिंग, दुसरं काय! वेदिकानं सॅकमधून ल्यूडो काढला. "चौघं लागतात. आजोबा, या ना!"

देवराम आला आणि मांडी ठोकून दत्तूच्या बरोबर समोर बसला. दत्तूच्या लाल सोंगट्या, त्याच्या पिवळ्या. पट बघून म्हातारा खुलला. गावाकडं कोळशानं जमिनीवर असाच पट काढून कवड्या खुळखुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दत्तूच्या मागं लागलेली साहेबांची सोंगटी त्यानं पहिल्या झटक्यात उडवली. मग वेदिकाची. एकदा तर लाल सोंगटी त्याच्या दानात अगदी अलगद सापडली होती, पण त्यानं ती सोडून भलतीच सोंगटी पुढं सरकवली.

"अहो बाबा, मारा की लाल!" साहेब ओरडले.

"समोरचा मारायचा नसतो, सायेब."

"हे दोघं मिळालेत हं, पप्पा," वेदिका म्हणाली. "नक्की नातेवाईक असणार!"

साहेब हसले, पण दत्तूनं झटकन फासा ओढून घेतला. त्याच दानाला बापाची सोंगटी घराच्या तोंडाशी सापडली, आणि दत्तूनं ती मारली. वर मोठ्यानं हसलाही. देवरामनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, सोंगटी उचलली आणि मुकाट्यानं पहिल्या जागी नेऊन ठेवली.

थोड्या वेळानं दत्तूची शेवटची सोंगटी घरात गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. देवरामनं मात्र फासा उचलून दत्तूपुढं धरला. "अजून सुटलो नाय. आता माझ्यासाठी टाक."

"आजोबा, ल्यूडोत असं नसतं," वेदिका म्हणाली. "ज्याचं त्यानं खेळायचं."

"असं व्हय? आमच्याकडं समोर बसतो तो जोडीदार. दोघंबी घरात गेल्याबिगर कोणीच जिंकत नाय."

"मग तुमच्या समोर कोण बसायचं?"

"माझा पोरगा. लय ग्वाड खेळायचा."

"आता कुठे असतो तो?"

दत्तू बापाच्या तोंडाकडं बघत राहिला. आता बाप बोलणार, आणि बोलला तर त्यात त्याची काय चूक? देवरामनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हाय नाशकातच," तो म्हणाला. "मोठा सायेब झालाय. कामात असतो."

लाजेनं दत्तूचे कान तापले. हा माझा बाप आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. तेवढ्यात लाइट आली, टीव्ही खणखणला आणि साहेब नि वेदिका तिकडं वळले. दत्तूला हायसं वाटलं. बाप वाकून सोंगट्या डबीत भरत होता, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच दत्तूला इतकी लाज वाटली की त्याच्याकडं मान वर करून बघवेना.